हिपॅटायटिसची औषधं स्वस्त झाली, तरी ती रुग्णापर्यंत का पोहोचत नाहीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: हिपॅटायटिस म्हणजे विषाणूमुळे येणारी यकृताची सूज. त्यातला हिपॅटायटिस सी तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, हिपॅटायटिस बी रोजच्या एका गोळीने काबूत राहतो आणि दोन्हींची जनरिक औषधं कधीच बाजारात आली आहेत. मग जगभरात इतकी माणसं अजून यानेच का मरतात? किमती आणखी उतरल्या तर प्रश्न सुटेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. काही देशांत सुटेल, बहुतेक ठिकाणी सुटणार नाही. मी यकृताच्या रुग्णांवर उपचार करतो आणि सार्वजनिक उपचार-कार्यक्रमांच्या आखणीतही माझा हात राहिला आहे. त्या अनुभवावरून सांगतो: पहिल्या तपासणीपासून पहिल्या गोळीपर्यंत रुग्णाला जेवढे हेलपाटे घालावे लागतात, तेवढे जास्त रुग्ण वाटेत गळतात. ते हेलपाटे कमी करणं हे आज उपचार वाढवण्याचं सगळ्यांत मोठं काम आहे, आणि बैठकांमध्ये सगळ्यांत कमी बोललं जातं ते त्याच्याबद्दल.

आधी आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात हिपॅटायटिस बीचे सुमारे २५.४ कोटी आणि सीचे सुमारे ५ कोटी रुग्ण होते. त्या एका वर्षात या आजारांनी १३ लाख माणसं गेली. त्यांतले ८३ टक्के मृत्यू बीमुळे झाले. २०१९ मध्ये एकूण मृत्यूंचा आकडा ११ लाख होता, म्हणजे औषधं हाताशी असताना मृत्यू वाढले. बीच्या रुग्णांपैकी आपल्याला हा आजार आहे हे १३ टक्क्यांनाच माहीत होतं आणि उपचार जेमतेम ३ टक्क्यांना मिळत होते. सीमध्ये निदान ३६ टक्क्यांचं झालं होतं, उपचार २० टक्क्यांना मिळाले होते. २०३० पर्यंत ९० टक्क्यांचं निदान आणि ८० टक्क्यांवर उपचार, हे ठरलेलं उद्दिष्ट आहे.

सगळी भांडणं किमतीवरून सुरू झाली, म्हणून आता किमतीकडे येतो. सीवरच्या सोफोसबुविर या गोळीला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा बारा आठवड्यांच्या कोर्सची किंमत होती ८४,००० डॉलर, म्हणजे एका गोळीला १,००० डॉलर. पुढच्याच वर्षी संशोधकांनी अंदाज मांडला की हा कोर्स तयार करायला ६८ ते १३६ डॉलर खर्च यायला हवा. सप्टेंबर २०१४ मध्ये ते बनवणाऱ्या गिलियड कंपनीने सात भारतीय कंपन्यांना जनरिक बनवण्याचा परवाना दिला. त्यात ९१ देशांत विक्रीची मुभा होती. २०१५ मध्ये सीवरच्याच डॅक्लाटास्विर या औषधाचा परवाना मेडिसिन्स पेटंट पूल या, जनरिक कंपन्यांसाठी परवाने मिळवणाऱ्या संस्थेमार्फत खुला झाला, आणि सोफोसबुविर-डॅक्लाटास्विर ही जोडी गरीब देशांतल्या उपचारांचा कणा बनली. आज या जोडीचा बारा आठवड्यांचा कोर्स ६० डॉलरच्या आसपास मिळू शकतो. बीसाठी लागणारं टेनोफोविर महिन्याला अडीच डॉलरच्या आत पडतं.

‘मिळू शकतो’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. हा भाव ज्याला माहीत आहे आणि जो एकगठ्ठा खरेदी करतो, त्यालाच तो मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने माहिती मागवली तेव्हा बरेच देश टेनोफोविरसारख्या पेटंट संपलेल्या औषधालाही या संदर्भ-किमतीहून जास्त पैसे मोजत असल्याचं दिसलं. कारणं अगदी साधी असतात. देशात एकाच कंपनीच्या औषधाची नोंदणी झालेली असते, दुसरी कंपनी छोट्या बाजारासाठी नोंदणीची फी आणि कागदपत्रांचा खटाटोप करायला तयार नसते, आणि खरेदी-विभागाला शेजारच्या देशाने काय भाव दिला याचा पत्ता नसतो. औषध-नियामक संस्थांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वमान्यतेचा, म्हणजे औषधाचा दर्जा तपासून दिलेल्या मान्यतेचा, अहवाल ग्राह्य धरला तर नोंदणीचं काम बरंच लवकर आटोपतं. त्याची रीतसर पद्धतही उपलब्ध आहे. ती वापरणं हा निव्वळ प्रशासकीय इच्छेचा भाग आहे.

खरी किमतीची अडचण उरली आहे ती मध्यम उत्पन्नाच्या देशांत. सुरुवातीच्या परवान्यांच्या यादीतून असे बरेच देश वगळले गेले होते. मलेशियाने २०१७ मध्ये सोफोसबुविरसाठी पेटंटधारकाच्या संमतीशिवाय सरकारी वापराचा परवाना काढला आणि त्याच सुमारास गिलियडने मलेशियाला आपल्या यादीत घेतलं. योगायोग म्हणायचा का, ते वाचकांनी ठरवावं. ऑस्ट्रेलियाने श्रीमंत देशाला शोभेल असा वेगळा रस्ता धरला. मार्च २०१६ पासून पाच वर्षांसाठी सुमारे १ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची तरतूद ठरवून घेतली, रुग्ण कितीही येवोत. अशा सौद्यात रुग्ण जितके जास्त तितका दरडोई खर्च कमी, त्यामुळे सरकारलाच रुग्ण शोधण्याची घाई होते. शिवाय तुरुंगातल्यांना किंवा नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना वगळलं नाही आणि साध्या फॅमिली डॉक्टरलाही औषध लिहिण्याची मुभा दिली. उलट अमेरिकेत अनेक राज्यांच्या मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनांनी बराच काळ अटी घातल्या होत्या: यकृत अमुक इतकं खराब झालेलं हवं, अमुक महिने दारू-नशा बंद हवी, औषध तज्ज्ञानेच लिहिलेलं हवं. बरं करणारं औषध कपाटात असताना यकृत आणखी बिघडण्याची वाट बघा, असं रुग्णाला सांगायचं! या अटींना वैद्यकीय आधार नव्हता. फक्त पैसे वाचवायचे होते.

आता येतो तपासणीकडे. घोडं पेंड खातं ते इथे.

हिपॅटायटिस सीचा जुना मार्ग डोळ्यांसमोर आणा. अँटीबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची, पट्टी पॉझिटिव्ह आली. पण त्यावरून विषाणू अजून अंगात आहे की नाही ते कळत नाही, कारण १५ ते ४५ टक्के लोकांत तो आपोआप निघून जातो आणि अँटीबॉडी मात्र राहते. म्हणून विषाणू थेट शोधणारी आरएनए चाचणी लागते. त्यासाठी रुग्णाला दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात बोलावतात. नमुना देऊन तो परततो, रिपोर्टसाठी पुन्हा येतो. मग विषाणूचा उपप्रकार ठरवणारी जीनोटाइप चाचणी. मग यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनची तारीख. मग तज्ज्ञांची ओपीडी. मग मंजुरीचा कागद. मग दर महिन्याला गोळ्यांसाठी एक फेरी, आणि शेवटी बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए. यातल्या प्रत्येक फेरीला रोजंदारीवरच्या माणसाची एक दिवसाची कमाई बुडते. आणि त्याला त्रास तर काहीच होत नसतो. हा आजार वीस-वीस वर्षं गप्प बसतो. दुखत नसलेल्या रोगासाठी कोण इतके खेटे घालेल?

यातलं बरंचसं आज अनावश्यक आहे. सर्व जीनोटाइपवर चालणारी औषधं आल्यापासून जीनोटाइप चाचणीची गरज संपली. यकृतावरचे व्रण किती, याचा अंदाज दोन साध्या रक्तचाचण्यांतून निघतो. एएसटी या यकृतातल्या एन्झाइमच्या आकड्याला त्याच्या कमाल सामान्य मूल्याने भागायचं, मग प्लेटलेटच्या हजारातल्या आकड्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं. समजा एएसटी ४८, सामान्य मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख ६० हजार. ४८ भागिले ४० म्हणजे १.२, त्याला १६० ने भागून शंभराने गुणलं की आलं ०.७५. याला एप्री म्हणतात. कागद-पेन्सिल पुरते, मशीन लागत नाही. फायब्रोस्कॅन जास्त नेमकं आहे हे खरं, पण ते नाही म्हणून उपचार थांबवणं चूक आहे.

दुसरी सुधारणा त्याहून साधी आहे: अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली की प्रयोगशाळेने त्याच नमुन्यावर आपणहून आरएनए करायचं, रुग्णाला पुन्हा बोलवायचं नाही. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पहिल्याच वेळी ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) जादा ट्यूब घ्यावी लागते, प्लाझ्मा वेळेत वेगळा करावा लागतो, आणि दोन्ही चाचण्यांचे अर्ज, रजिस्टर आणि बिलाचं खातं एक करावं लागतं. माझ्या पाहण्यात अशा योजना विज्ञानापायी कधीच अडलेल्या नाहीत. अडल्या त्या रजिस्टरपायी. क्षयरोगासाठी घेतलेली जीनएक्स्पर्ट यंत्रं जगभर हजारो ठिकाणी आहेत. त्याच यंत्रात हिपॅटायटिस सीचं कार्ट्रिज बसतं आणि बोटाच्या टोकाच्या रक्तावर साधारण तासाभरात निकाल येतो. पण यंत्र क्षयरोग विभागाचं, कार्ट्रिजला पैसे कुणाच्या खात्यातून द्यायचे ते ठरलेलं नाही, म्हणून यंत्राचे कप्पे अर्धा दिवस रिकामे आणि हिपॅटायटिसचा नमुना दोनशे किलोमीटर लांबच्या प्रयोगशाळेत, असं चित्र अनेक ठिकाणी असतं. जिथे यंत्रच नाही तिथे फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब वाळवून पाठवता येतात, बर्फाची पेटी लागत नाही. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस सीच्या पहिल्या स्व-चाचणी संचाला पूर्वमान्यता दिली. तो तोंडातल्या द्रवावर चालतो. दवाखान्यात पाऊल टाकायला लाजणाऱ्यांसाठी तो कामाचा आहे, पण पुढची आरएनए चाचणी जवळ नसेल तर त्याने फक्त काळजी वाढते.

उपचार चालू असताना किती लक्ष ठेवावं, याचं उत्तर मिनमॉन नावाच्या अभ्यासाने दिलं. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, थायलंड, युगांडा आणि अमेरिकेतल्या सुमारे ४०० रुग्णांना सोफोसबुविर-वेल्पाटास्विरच्या सगळ्या ८४ गोळ्या पहिल्याच दिवशी हातात दिल्या. मधे रक्ततपासणी नाही, ठरलेली भेट नाही. फक्त दोनदा दुरून संपर्क. ९५ टक्के बरे झाले. आम्हा तज्ज्ञांच्या अहंकाराला हा निकाल जरा झोंबला, हे कबूल करायला हवं. त्याआधी, इंटरफेरॉन या जुन्या इंजेक्शनच्या काळातच, न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट एको सुरू केला होता. खेड्यांतले आणि तुरुंगांतले डॉक्टर आठवड्यातून एकदा व्हिडिओवर विद्यापीठातल्या तज्ज्ञांशी केसेसची चर्चा करत आणि उपचार स्वतःच देत. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा या डॉक्टरांकडे आणि विद्यापीठात, दोन्हीकडे बरं होण्याचं प्रमाण सारखंच, सुमारे ५८ टक्के होतं. इंटरफेरॉनसारखं त्रासदायक औषध जर सामान्य डॉक्टर देऊ शकत होते, तर आजच्या गोळ्या देण्यासाठी यकृततज्ज्ञच हवा हा आग्रह टिकत नाही. प्रशिक्षित नर्सही देऊ शकते.

पण काही गोष्टी कापायच्या नाहीत, कारण सोपं करण्याच्या उत्साहात त्याच आधी सुटतात. सीची औषधं सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी झालीच पाहिजे. सी गेल्यावर दबलेला बी उसळून यकृत निकामी होऊ शकतं आणि अमेरिकी नियामकाने याबद्दल २०१६ मध्ये चौकटीतला, म्हणजे औषधाच्या माहितीपत्रकावरचा सगळ्यांत कडक इशारा दिला आहे. रुग्ण आधीपासून कोणती औषधं घेतो ते विचारायचं: क्षयरोगाचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं कार्बामाझेपिन चालू असेल तर या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण घसरतं, हृदयाच्या अमिओडॅरोनबरोबर सोफोसबुविर दिलं तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात, आणि एचआयव्हीसाठी इफाव्हिरेन्झ चालू असेल तर डॅक्लाटास्विर ६० ऐवजी ९० मिलिग्रॅम द्यावं लागतं. पोटात पाणी झालेला, भ्रमिष्ट झालेला किंवा रक्ताची उलटी झालेला रुग्ण मात्र तज्ज्ञाकडेच गेला पाहिजे. सिऱ्हॉसिस, म्हणजे व्रणांनी कडक झालेलं यकृत, असेल तर सी बरा झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची, कारण कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही. एवढं एका पानावर मावतं. प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर ते पान लावलं तरी पुरे.

हे सगळं देशपातळीवर जमतं का? इजिप्तने जमवून दाखवलं. तिथे सी इतका पसरला त्याचं कारणच सरकारी मोहीम होती: १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बिल्हार्झिया या कृमींच्या आजारासाठी टार्टार एमेटिक या औषधाची इंजेक्शनं सामुदायिकपणे दिली जात आणि सुया-सिरिंजा पुन्हा पुन्हा वापरल्या जात. पुढे त्याच देशाने स्थानिक कंपन्यांकडून जनरिक औषध बनवून घेतलं आणि ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली. विषाणू सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांवर उपचार सुरू झाले. जागतिक बँकेच्या कर्जाचा त्याला हातभार होता, हेही नोंदवायला हवं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उच्चाटनाच्या वाटेवरचा ‘सुवर्ण’ दर्जा मिळालेला पहिला देश म्हणून इजिप्तचं नाव जाहीर केलं. भारतातल्या पंजाबने २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांकरवी मोफत उपचार दिले आणि तिथेही दहातले नऊ जण बरे झाले. यांतल्या कुठल्याच ठिकाणी नवं औषध शोधावं लागलं नाही.

हिपॅटायटिस बीची गोष्ट वेगळी आहे आणि मला जास्त अस्वस्थ करणारी आहे. मृत्यू बीने जास्त, चर्चा सीची जास्त. बी पूर्ण जात नाही, कारण त्याचा जनुकीय साठा पेशीच्या केंद्रात ठाण मांडून बसतो. म्हणून औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, आणि म्हणूनच कुणाला सुरू करायचं यावर किचकट नियम होते. एएलटी हे यकृतातलं एन्झाइम एवढं, रक्तातलं विषाणूचं डीएनए तेवढं, इतक्या महिन्यांच्या अंतराने दोनदा. डीएनएची चाचणी बऱ्याच ठिकाणी औषधाच्या वर्षभराच्या खर्चाहून महाग पडायची. परिणाम असा की बहुतेक रुग्णांना ‘सध्या गरज नाही, सहा महिन्यांनी या’ असं सांगून वाटेला लावलं जायचं, आणि त्यांतले कित्येक परत यायचे ते पोट फुगल्यावर किंवा गाठ दिसल्यावर. मार्च २०२४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही दारं मोकळी केली. एप्री ०.५ च्या वर असेल तर डीएनए न बघताही उपचार सुरू करता येतात. वरच्या उदाहरणातल्या ०.७५ वाल्या माणसाला बी असता तर तो आज उपचारास पात्र ठरतो. डीएनएची सोय नसेल तिथे एएलटी सातत्याने वाढलेलं असणंही पुरेसं धरलं आहे. देशांनी आपापले नियम अजून बदलले नसतील, तर माझ्या मते ते पहिलं काम आहे. त्याला नवा पैसाही फारसा लागत नाही.

एक विसंगती तर डोळ्यांत खुपते. एचआयव्हीच्या जवळपास प्रत्येक केंद्राच्या कपाटात टेनोफोविर असतं. ज्याला एचआयव्ही आणि बी दोन्ही आहेत, त्याला ते मोफत मिळतं. ज्याला नुसताच बी आहे, त्याला त्याच खिडकीवरून रिकाम्या हाती परत पाठवतात, कारण देणगीदाराचा पैसा एचआयव्हीसाठी आहे. एचआयव्ही, क्षयरोग आणि मलेरियासाठी २००२ पासून ग्लोबल फंड आहे. हिपॅटायटिससाठी त्या तोलामोलाचा निधी कधी उभाच राहिला नाही. त्यामुळे बहुतांश खर्च देशांच्या स्वतःच्या तिजोरीतून व्हावा लागतो, आणि तसा तो होऊ शकतो, कारण सिऱ्हॉसिस आणि कर्करोगाचा खर्च शेवटी त्याच तिजोरीवर किंवा रुग्णाच्या घरावर येऊन पडतो. कपाट, नर्स, नमुना नेणारी गाडी, संगणकातली नोंद, हे सगळं एचआयव्हीच्या कार्यक्रमाने उभं केलेलं आहे. त्यावर हिपॅटायटिसची भर घालायला वेगळी इमारत लागत नाही.

बीचा बराचसा प्रश्न प्रसूतिगृहात सुटतो. जन्मानंतर २४ तासांत लसीचा पहिला डोस द्यायचा आणि आईच्या रक्तात विषाणू जास्त असेल तर गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीपासून टेनोफोविर. आता जिथे विषाणूचं प्रमाण मोजण्याची सोयच नाही, तिथे प्रत्येक बी-पॉझिटिव्ह गर्भवतीला ते देण्याची मुभा आहे. तरी २०२२ मध्ये जन्मडोस जगातल्या ४५ टक्के बाळांनाच मिळाला, आफ्रिका विभागात १८ टक्क्यांना. एक कारण नेहमी ऐकू येतं: कुपी दहा डोसांची, आज एकच बाळ जन्मलं, नऊ डोस वाया जातील, मग उद्या बघू. प्रत्यक्षात ही द्रवरूप लस नीट साठवली तर उघडलेली कुपी २८ दिवस वापरता येते. हे जिला ठाऊक नाही ती नर्स दोषी नाही. तिच्या प्रशिक्षणात ते कुणी सांगितलेलं नसतं.

लोक तपासणीला पुढे येत नाहीत त्यालाही कारण असतं. पॉझिटिव्ह निघालं तर नोकरी जाईल, व्हिसा नाकारला जाईल, लग्न मोडेल. चीनने २०१० मध्ये नोकरीपूर्व तपासणीतून हिपॅटायटिस बी वगळला, हा त्या देशातल्या कित्येक औषध-योजनांइतकाच महत्त्वाचा निर्णय होता. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या बाबतीत तर स्वच्छ सुया, मेथाडोन (नशेऐवजी तोंडाने घ्यायचं औषध) आणि सीचे उपचार एकाच खोलीत द्यावेत. पुन्हा लागण झाली तर न कुरकुरता पुन्हा उपचार द्यावेत.

शेवटी, ज्यांच्याकडे आज बजेट नाही आणि तरी काहीतरी सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी. जुन्या नोंदी काढा. रक्तपेढ्या, प्रसूतिगृहं, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या, डायलिसिस युनिट, या सगळीकडे पॉझिटिव्ह रिपोर्ट पडून आहेत. पुष्कळदा रुग्णाला ते सांगितलेलंही नसतं, किंवा सांगितलं तेव्हा इंटरफेरॉनशिवाय काही नव्हतं. नेदरलँड्समध्ये प्रयोगशाळांच्या अशाच जुन्या नोंदी चाळून वाटेत हरवलेल्या सीच्या रुग्णांना परत बोलावलं गेलं. नोंदी पाहायची परवानगी आधी रीतसर घ्या. फोन रुग्णालाच करा, घरच्यांशी आजाराचं नाव काढू नका. सीची जुनी अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल तर ती पुन्हा करण्यात पैसे घालवू नका, थेट आरएनए करा. बीच्या जुन्या रुग्णाला नव्या निकषांवर पुन्हा तपासा. पूर्वी ‘गरज नाही’ म्हणून परत पाठवलेल्यांतले बरेच जण आता पात्र निघतील. आणि फोन करण्याआधी गोळ्या साठ्यात असल्याची खात्री करून घ्या, कारण एकदा रिकाम्या हाती परत गेलेला माणूस दुसऱ्या फोनला येत नाही.